शाळेच्या खिडकीवरून तीनदा परत गेलेली मुलगी

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं प्रवेशाच्या दिवसांत मी माझ्या मुलांच्या सरकारी शाळेत मदतीला बसते. कार्यालयाच्या खिडकीशेजारी एक बाक आहे. ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांना तो भरून द्यायचा, एवढंच काम. यंदा तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

एक आजी नातीला पहिलीत घालायला आल्या. पहिल्या दिवशी जन्मदाखला नव्हता म्हणून परत गेल्या. दुसऱ्या खेपेला दाखला आणला, तर पत्त्याचा पुरावा मुलीच्या आईच्या नावावर निघाला आणि आई कामासाठी परगावी. तिसऱ्या खेपेला आईचं संमतिपत्र आणलं. त्यावर सही होती, तारीख नव्हती. चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत.

मुलगी प्रत्येक वेळी दप्तर पाठीला लावून यायची, कारण तिच्या हिशेबाने त्या दिवशी शाळा सुरू होणार होती. तिसऱ्या दिवशी आजी खिडकीशी बोलत असताना ती माझ्या बाकावर येऊन बसली आणि तिने मला दप्तर उघडून दाखवलं. आत एक वही, टोक काढून ठेवलेल्या दोन पेन्सिली आणि रुमालात गुंडाळलेलं खोडरबर. वहीच्या पहिल्या ओळीवर कुणीतरी तिचं नाव लिहून दिलं होतं आणि खाली तिने ते पानभर गिरवलं होतं.

खिडकीमागचे कारकून भले गृहस्थ आहेत. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. मागितलेला प्रत्येक कागद यादीत होता. कुणाकडे बोट दाखवावं असं काहीच घडलं नाही आणि तरी सहा वर्षांची मुलगी तीनदा शाळेच्या दारातून मागे फिरली.

माझं म्हणणं असं की आधी मूल वर्गात बसवावं, कागद मागाहून येऊ द्यावेत. हे जमतं का? कुणी करून पाहिलंय का? इथले शिक्षक, शाळेच्या कार्यालयात काम करणारे आणि स्वतः हेलपाटे घातलेले पालक, तिघांकडूनही ऐकायचंय.

फुलपाखरी

वहीचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे आजींच्या जागी माझे वडील होते आणि नातीच्या जागी मी. सविस्तर नंतर लिहिते.

खडूफळा

पाटीपेन्सिल, जमतं. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची अकरा वर्षं असंच केलं.

दाखलखारीज नोंदवहीत नाव चढवायला काय लागतं ते आधी बघू. मुलाचं नाव, पालकाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, आधी शाळेत गेलं असेल तर कितवीपर्यंत. हे सगळं समोर उभा असलेला माणूस तोंडी सांगू शकतो. कागद लागतो तो खातरजमेसाठी, आणि खातरजमा महिन्याभराने झाली तरी नोंदवही कुठे पळून जात नाही. मूल मात्र तेवढ्या दिवसांत बाराखडीच्या अर्ध्यावर पोचतं.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, पण अनेक देशांच्या कायद्यात हे लिहिलेलंच आहे. भारतातला शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याचं कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश नाकारायचा नाही. कलम ५ म्हणतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. कलम १५ मुदतीबद्दल आहे, उशिरा आलेल्या मुलालाही घ्यायचंच. केंद्राने राज्यांसाठी काढलेल्या नमुना नियमांत जन्मदाखल्याला पर्यायही दिलेत : दवाखान्याची किंवा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापत्र. अडचण अशी की खिडकीवर बसणाऱ्याच्या हातात कागदांची यादी असते, कायद्याचं पुस्तक नसतं. यादीत सगळे कागद एकाखाली एक छापलेले, जणू प्रत्येकाचं वजन सारखंच.

मी ती यादी फाडून दोन केल्या. वरच्या यादीत 'आज सांगा', त्यात फक्त तोंडी माहिती. खालच्या यादीत 'सवडीने आणा, काही मिळत नसेल तर आम्हाला सांगा'. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. 'आम्हाला सांगा' लिहिल्यावर लोक खरंच सांगायला लागले, आणि मग कळलं की निम्म्या घरांत कागद आहे पण नावात फरक आहे. आईने माहेरचं नाव लावलेलं, वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. त्यापायी लोक घाबरून यायचेच थांबत होते.

हजेरीपट

मी दुसऱ्या एका शाळेत खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो. लिपिक, सोळा वर्षं झाली. पाटीपेन्सिलताई, तुम्ही आमच्यावर ठपका ठेवला नाहीत त्याबद्दल आभार, पण आतून हे कसं दिसतं तेही मांडायला हवं.

एक म्हणजे जन्मतारीख. ती पहिलीत चुकीची चढली की मुलाला आयुष्यभर छळते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, जन्मदाखल्यावर दुसरी, असे तरुण माझ्याकडे दहावीनंतर रडकुंडीला येऊन उभे राहिलेत. नोंदवहीतली तारीख बदलायला केवढी यातायात लागते ते मी जाणतो. म्हणून मी दाखला मागतो. तो माझ्या सोयीसाठी नाही.

दुसरं जास्त खरं आहे आणि लिहिताना वाईट वाटतंय. कागद नसताना मूल दाखल केलं आणि तपासणीत सापडलं, तर मला लेखी खुलासा द्यावा लागतो. मूल परत पाठवलं तर मला कुणीच काही विचारत नाही. परत पाठवलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही, ना माझ्याकडे, ना वर. दिवसाच्या शेवटी माझ्या वहीत 'आज अकरा प्रवेश' असं असतं. आज किती जण रिकाम्या हाताने गेले हा रकानाच नाही. मग माणूस कुठल्या बाजूला झुकेल?

खडूफळा

हजेरीपट, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. जन्मतारखेवर एक उपाय आहे. पालकांनी सांगितलेली तारीख पेन्सिलीने लिहायची, समोर 'पालकांच्या निवेदनानुसार' असा शेरा, आणि दाखला आला की शाईने. मी शाळेच्या अंतर्गत यादीत असंच करायचे आणि मुख्य नोंदवहीत खातरजमेनंतर चढवायचे. मूल वर्गात, तारीख पेन्सिलीत, आणि कारकुनाला खुलासा द्यावा लागू नये म्हणून शेऱ्याखाली सही माझी. मुख्याध्यापकाने सही केल्याशिवाय खिडकीवरचा माणूस मोकळा होत नाही.

हजेरीपट

बाई, तुमच्यासारखी सही करणारी वरिष्ठ मंडळी असती तर आमच्यातले बरेच जण वेगळे वागले असते.

सातासमुद्रापार

नोकरीमुळे आमचं बिऱ्हाड सतत हलतं. चार शाळांत मुलांची नावं घातली, त्यातल्या दोन परदेशात. एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत राहतं घर गेलेल्या मुलांसाठी १९८७ पासून एक कायदा आहे, मॅकिनी-व्हेंटो नावाचा. निवाऱ्यात राहणारी, गाडीत झोपणारी किंवा नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी मुलं त्यात येतात. आधीच्या शाळेचे कागद, लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा यातलं काहीही नसलं तरी शाळेने मूल ताबडतोब दाखल करून घ्यायचं. कागद जमवायची जबाबदारी मग शाळेची. प्रत्येक शिक्षण जिल्ह्यात यासाठी एक ठरावीक व्यक्ती नेमलेली असते. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की हेलपाट्यांची दिशाच उलटी केली आहे. नवी शाळा जुन्या शाळेला फोन करते आणि आई मुलाला वर्गात सोडून कामावर जाते.

तिथलाच १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा खटलाही माहीत असावा. टेक्सास राज्याने देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळा नाकारायची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने ती रद्द केली. आईबापांनी जे केलं त्याची शिक्षा मुलाला देता येत नाही, असा त्याचा गाभा. एका मताने निकाल फिरला असता तर किती मुलं शाळेबाहेर राहिली असती, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

सरळमार्गी

सगळ्यांचं वाचलं. मला मात्र एक शंका आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो. कागद सैल केले की खोटे पत्ते वाढतात. चांगल्या नावाच्या सरकारी शाळेत जागा मोजक्या असतात. तिथे शेजारच्या वस्तीतल्या मुलाची जागा दूरवरून आलेला, भाडेकरार 'करून आणलेला' माणूस घेऊन जातो. आमच्या भाच्याच्या बाबतीत असं झालंय. मग नियमाने चालणाऱ्याने काय करायचं?

चौकटराजा

सरळमार्गी, शंका रास्त आहे. पण यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. 'या मुलाला शाळा मिळेल का' हा एक आणि 'कुठली शाळा मिळेल' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कागदाविना हो असायलाच हवं. काटेकोरपणा दुसऱ्यासाठी लागतो. तिथेसुद्धा कागदांपेक्षा जागा वाटायची पद्धत सुधारली तर जास्त फरक पडतो. माझा विषय गणित आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

बॉस्टनमध्ये पूर्वी पालक शाळांचा पसंतीक्रम देत आणि आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंती भरल्या जात. पहिली हुकली की दुसऱ्या पसंतीच्या शाळेत जाईपर्यंत तिथल्या जागा ती पहिली लिहिणाऱ्यांनी संपवलेल्या असत. म्हणजे ज्याने मनातली शाळा खरेपणाने पहिली लिहिली तो फसायचा. आतली माहिती असलेले पालक मुद्दाम कमी मागणीची शाळा वर लिहून वाचायचे. २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत सोडली.

न्यूयॉर्कमध्ये माध्यमिक शाळांच्या प्रवेशाची घडी याहून विस्कटलेली होती. दरवर्षी ३०,००० हून जास्त मुलं त्यांनी यादीत लिहिलेलीच नाही अशा शाळेत ढकलली जायची. २००३ मध्ये नवी पद्धत ठरली आणि पहिल्याच फेरीत तो आकडा ३,००० च्या आसपास आला. शाळा त्याच होत्या आणि मुलंही तेवढीच. नवं होतं ते वाटप, आणि त्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेलं. शाळा कुणालाही लगेच कायम करत नाही. जागा तात्पुरती देते, पुढच्या फेरीत नियमाने जास्त हक्काचं मूल आलं तर त्याला घेते, आणि बाहेर पडलेलं मूल आपल्या पुढच्या पसंतीकडे जातं. सगळे स्थिरावले की मग जागा पक्क्या. ही पद्धत नीट राबवली तर खरी पसंती लिहिण्यात कुणाचंच नुकसान होत नाही. शाळांच्या वाटपात हे आणणाऱ्या अल्विन रॉथ यांना शॅप्लींसह २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पालकांच्या भाषेत सांगायचं तर अर्जाच्या वर एकच वाक्य खरेपणाने छापता आलं पाहिजे : 'तुम्हाला जी शाळा मनापासून हवी ती पहिली लिहा, त्यात तुमचा तोटा नाही.' जिथे हे वाक्य छापता येत नाही तिथे ओळखीपाळखी असलेल्यांचंच फावतं.

सरळमार्गी

हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाच्याचा राग मी चुकीच्या जागी काढत होतो. पत्त्याची पडताळणी मात्र नंतर तरी व्हावी, एवढं म्हणणं कायम आहे.

चौकटराजा

नक्की व्हावी. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाकडे एकच अर्ज करायचा असतो, त्यात पसंतीक्रमाने शाळा, आणि निकालाचा दिवसही देशभर ठरलेला. माध्यमिकचा १ मार्च, प्राथमिकचा १६ एप्रिल. पत्त्याचा पुरावा मागता येतो. पण जन्मदाखला जागा देऊ केल्यानंतरच, आणि तोही आईवडिलांचा तपशील असलेला मोठा दाखला मागायचा नाही असं नियमावलीत आहे. लागेल तेवढंच विचारायचं.

दोन_वेण्या

मी मोबाइलवरच्या अर्जाबद्दल लिहिते, कारण 'आता सगळं ऑनलाइन, घरबसल्या' असं ऐकून माझ्या शेजारणीने तीन रात्री घालवल्या. फोटो ठरावीक आकाराच्या आत बसवा म्हणे. तो लहान केला तर 'चेहरा अस्पष्ट'. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा रात्रपाळीला. तिसऱ्या रात्री सगळं भरून झालं, शेवटचं बटण दाबलं आणि पान मिटलं, कारण वेळ संपली होती. भरलेलं काहीच जपून ठेवलं नव्हतं. ती मला म्हणाली, 'माझंच काहीतरी चुकलं असणार.'

हे वाक्य मला फार लागलं. अर्ज फसला तर माणसाला वाटतं आपण कमी शिकलेले आहोत म्हणून फसला, आणि ज्या घराला असं वाटतं ते पुन्हा शाळेच्या वाटेला जात नाही.

खडूफळा

दोन_वेण्या, तुमच्या शेजारणीला सांगा, चूक तिची नाही. मदत मिळण्यात आणि माहिती मिळण्यात किती अंतर असतं यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. शाळेबद्दल नाही, महाविद्यालयाच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जाबद्दल, अमेरिकेत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथेच बसवून तो अर्ज भरून दिला. काहींना नुसती माहिती दिली, तुम्हाला किती मदत मिळू शकेल वगैरे. ज्यांचा अर्ज भरून दिला त्यांच्यात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ८ टक्के-बिंदूंनी वाढलं. नुसत्या माहितीने काही फरक पडला नाही.

म्हणून पाटीपेन्सिल, तुमच्या त्या बाकाला कमी लेखू नका. भिंतीवर दहा पत्रकं लावण्यापेक्षा शेजारी बसून अर्ज भरून देणारं एक माणूस जास्त मुलं शाळेत आणतं.

पानगळ

माझा मुलगा चालू शकत नाही आणि बोलतो ते सवयीच्या माणसालाच कळतं. चाकाची खुर्ची घेऊन तीन शाळांत गेले. कुणीही 'नाही' म्हटलं नाही. 'आमच्याकडे तशी सोय नाही हो, त्याचेच हाल होतील', 'आधी तज्ज्ञांचा अहवाल आणा', 'विशेष शाळेत त्याला जास्त बरं वाटेल'. सगळे काळजीच्या सुरात बोलत होते. अहवालासाठी सात महिने थांबलो. सगळ्या मुलांना सामान्य शाळेत घ्या म्हणणारं १९९४ चं सालामांका निवेदन, २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जागतिक करार, त्यातलं कलम २४, हे सगळं मी त्या सात महिन्यांत वाचलं. सामान्य शाळेत, इतरांच्या बरोबरीने, हा त्याचा हक्क आहे हे मला तोंडपाठ झालं. पण दारात उभं राहून कलमं सांगणारी आई कुणालाच नको असते.

चौथ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका खुर्चीवरून उठून बाहेर आल्या, मुलाच्या समोर गुडघ्यावर बसल्या आणि त्यालाच विचारलं, 'तुला काय आवडतं?' तो 'रेल्वे' म्हणाला. त्यांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे न बघता त्यालाच परत विचारलं. त्याने परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना कळलं. मग त्या मला म्हणाल्या, उद्यापासून पाठवा, तळमजल्यावरचा वर्ग बघते, काय अडतंय ते आठ दिवसांत आपण दोघी मिळून ठरवू. अर्ज मी त्यानंतर भरला.

आता तो पाचवीत आहे.

फुलपाखरी

पानगळताई, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. 'त्यालाच परत विचारलं' इथे थांबावं लागलं.

आता माझं राहिलेलं. आमचं कुटुंब दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडिलांना तिथली भाषा येत नव्हती. खिडकीवरचा माणूस बोलायचा, वडील मान हलवायचे आणि मी दोघांमध्ये उभी राहून अर्धवट समजलेलं सांगायचे. शाळेत माझं नाव ज्या रीतीने लिहिलं गेलं ते माझं नावच नव्हतं. ते दुरुस्त करायला सांगायचं धाडस वडिलांना झालं नाही आणि मला दहावीपर्यंत त्याच नावाने हाक मारली गेली. म्हणून माझी एकच विनंती : नाव लिहून झालं की ते मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, बरोबर आहे ना? यात अर्धं मिनिट जातं.

सातासमुद्रापार

+१. आणि दुभाषाचं काम मुलावर टाकू नये. स्वतःच्याच प्रवेशाची बोलणी मुलाने करायची हे फार ओझं आहे.

डोंगरवाट

सगळं पटतंय, तरी एक सावधगिरीची गोष्ट. मी शिक्षक आहे, वर्गात ६४ मुलं. दार उघडलं की आत जागाही लागते.

केनियाने जानेवारी २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली. वर्षभरात पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत येऊन बसले. वाचायला शिकायचं ही त्यांची इच्छा होती. ऐकून उर भरून येतो. पण त्याच शाळांत वर्ग खचाखच भरले, बाकं पुरेनात, शिक्षक तेवढेच. फी हा अडसर किती मोठा होता हे त्या गर्दीने दाखवलं आणि पुढची तयारी नव्हती हेही.

मी मुलांना परत पाठवा म्हणत नाही. उलट नोंदच होत नसेल तर ६४ चं ७० झाल्यावर वाढीव शिक्षक मागायचा कशाच्या आधारावर? हजेरीपट म्हणतात तो रकाना मलाही हवाय. परत गेलेली मुलं कागदावर दिसली तरच त्यांच्यासाठी वर्गखोली मागता येईल.

हजेरीपट

डोंगरवाट सर, हा विचार मी केला नव्हता. रकाना म्हणजे आमच्यावर पाळत असंच वाटत होतं. तो मागणीचा पुरावाही होतो.

सरळमार्गी

एक विचारू का? जन्मदाखलाच नाही अशी मुलं खरंच इतकी असतात का? आमच्या ओळखीत एकही नाही.

खडूफळा

असतात. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात ५ वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंदणीच झालेली नाही. त्याच वर्षी युनेस्कोने शाळाबाह्य मुला-तरुणांचा आकडा २५ कोटी १० लाख दिला. कारणं शंभर आहेत, गरिबी, युद्ध, अंतर. पण दारापर्यंत आलेलं मूल कागदासाठी परत जाणं हे त्यातलं असं कारण आहे की ते शाळेच्या स्वतःच्या हातात आहे.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते.

हा धागा मी छापून मुख्याध्यापकांना दिला, हजेरीपट आणि पानगळताईंच्या पोस्टवर खूण करून. त्यांनी तो घरी नेऊन वाचला. दुसऱ्या दिवशी कारकून काका, मुख्याध्यापक आणि मी असे तिघं त्या बाकावर बसलो आणि यादी पुन्हा लिहिली. खडूफळाबाईंच्या दोन याद्या जशाच्या तशा घेतल्या. पेन्सिलीतल्या जन्मतारखेला काका आधी तयार नव्हते, शेऱ्याखाली मुख्याध्यापकांची सही येणार म्हटल्यावर झाले. नाव मोठ्याने वाचून दाखवायचं हे काकांनीच पुठ्ठ्यावर लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला लावलं, स्वतःला दिसेल असं. प्रवेश झाला की मुलाला लगेच वर्ग, स्वच्छतागृह आणि पाण्याची जागा दाखवायची, हे काम सातवीच्या दोन मुलींनी मागून घेतलं.

रोजच्या वहीत तिसरा रकाना आखला : 'आले, पण प्रवेश झाला नाही'. त्यात कारण लिहायचं.

आता आजींबद्दल. त्यांना शोधायला मी दोन दिवस फिरले. काकांनी सांगितलेल्या वस्तीत गेले. तिथे त्या नावाच्या कुणी नाहीत. त्यांचा अर्ज मीच भरून दिला होता, पण खिडकीवरून परत मिळालेला अर्ज माणूस आपल्यासोबत घेऊन जातो, शाळेत काहीच राहत नाही. फोनचा रकाना कोरा होता हे मला आठवतंय. त्यांच्याकडे फोन नाही म्हणाल्या आणि मी पुढच्या रकान्याकडे वळले. मुलीचं नाव मला पाठ आहे, पानभर वाचलंय. पण नुसत्या नावाने कुठे विचारू?

शोध चालू आहे. शेजारच्या दोन शाळांत सांगून ठेवलंय.

पानगळ

पाटीपेन्सिल, आमच्या पालकांच्या गटात पण विचारते. नाव इथे नका टाकू, मला निरोपात कळवा.

हजेरीपट

ताई, दोन बारीक गोष्टी. अर्ज अपुरा असला तरी तो परत देऊ नका. ठेवून घ्या आणि पालकांना पोचपावती द्या. मी सोमवारपासून तसं सुरू केलंय, एक साधी फाइल पुरते. आणि फोनच्या रकान्याखाली कंसात छापून घ्या : 'शेजाऱ्यांचा किंवा दुकानदाराचा चालेल'.